बस्त्याच्या दिवशी घेतलेला वस्तरा

आमच्या घरात वस्तरा आहे आणि तो मी वापरते. हे ऐकून ज्यांना तोंडाला पदर लावायचा असेल त्यांनी खुशाल लावावा. नवऱ्याच्या गळ्याला बायकोनं पातं लावू नये, हे मला इतक्या जणींनी सांगून झालंय की आता मीच विचारते, "का गं? कापंल म्हणून भ्याव वाटतंय, का दाढी चांगली करंल म्हणून?" मग विषय बदलतात.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तो पोरीची सुपारी फुटल्यावर. साताऱ्याच्या दवाखान्यातून वडूजजवळच्या आमच्या गावी घरी आणलं तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा गाल खाली उतरला होता आणि बोलणं म्हणजे तोंडात गोळा धरल्यासारखं. पाय मात्र ओढत का होईना, काठीनं टाकत होते. मला तेवढं पुष्कळ होतं. दिरांना नव्हतं.

दीर आले, खाटेशेजारी बसले आणि ह्यांच्यादेखत मला म्हणाले, "वैनी, दादाचं हे असं झालंय. लग्नाला सांगलीची माणसं येणार. लोकांम्होरं ह्या अवतारात बसवायचं म्हंजी आपलंच हसं. कन्यादानाला आमी दोघं बसतो. तुमी काय काळजी करू नका."

काळजी! पोरीला जन्म दिला मी, वाढवली आम्ही दोघांनी, फौजेतून रजेवर आला की तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरायचा तो हा माणूस. आणि कन्यादानाला कोण, तर दीर आणि जाऊबाई! मनात आलं, भावजींची इथंच बिनपाण्यानं करावी. पण ह्यांच्याकडं बघितलं. ऐकत होते सगळं. डोळे मिटून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. मी गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसले, एवढंच.

अवतार म्हणजे काय, तर दाढी. आमच्याकडं बाप्याची वाढलेली दाढी म्हणजे एकतर नवस नाहीतर सुतक. त्यातून हे फौजी. पेन्शनीवर आले तरी रोज सकाळी चहाच्या आधी दाढी. सोमवार नाही, शनिवार नाही, अमावस्या नाही. म्हातारी माणसं टोकायची, "आरं वार बघ की रं गड्या!" हे म्हणायचे, "फौजंत वार न्हाई बघत." अशा माणसाच्या गालावर पांढरे खुंट माजले. भेटायला येणारे दारातच आवाज बारीक करायचे, आतला माणूस जणू गेल्यात जमा. आणि हे पांघरूण तोंडावर ओढून घ्यायचे. ओट्यावर यायला तयार नाहीत, मग मांडवात कुठले येणार?

म्हणून मी वडूजच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. तो आला, पिशवीतून बॅटरीचं यंत्र काढलं आणि लागला घुर्र घुर्र फिरवायला. वर तोंडानं चालू, "आजोबा, हलायचं न्हाई हां. शाब्बास! श्यानं हाय आमचं आजोबा." आजोबा! साठीसुद्धा गाठली नव्हती ह्यांनी. पाणी नाही, साबण नाही, कोरडंच भादरलं. मेंढरूसुद्धा ह्यापेक्षा मायेनं भादरतात, हे मी म्हसवडकडच्या मेंढपाळाची लेक म्हणून सांगते.

तो गेला आणि हे सुरू झाले, "उलटी. उलटी."

मी धावत घमेलं आणलं. हे घमेल्याकडं बघतात, माझ्याकडं बघतात. "उलटी!" मी पाठीवरून हात फिरवतेय, "होऊ द्या, होऊ द्या, मोकळं वाटंल." काही होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी सांगितली. गोळी दिली की हे आणखी चिडायचे. खिचडी बंद केली, नुसत्या पेजेवर ठेवलं. बिचारा माणूस! शेवटी एकदा डाव्या हातानं घमेलं असं भिरकावलं की ते मोरीत जाऊन पडलं. मग माझा हात धरला, माझा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि खालून वर, हनुवटीकडं, करकर ओढला. "उ-ल-टी."

अगं बाई! न्हावी विचारतो ना, एक हात सुलट झाला की, 'उलटी मारू का?' केसांच्या उलट दिशेनं, खालून वर, म्हणजे गाल गुळगुळीत होतो. हा माणूस चकचकीत दाढी मागत होता आणि मी त्याला उलटीची औषधं चारत होते. मी जी हसायला लागले ती मोरीच्या कट्ट्यावर बसलेच. हेही हसले. वाकडं हसले, एका बाजूनं हसले, पण झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. मला पाठोपाठ रडू पण आलं.

"मी मारते उलटी," मी म्हटलं. "बघाच."

फौजेतलं त्यांचं दाढीचं मशीन होतं. पितळी दांड्याचं, वरची झाकणी फिरवून आत पातं घालायचं. ब्रश होता, वाटीत साबणाची वडी होती, तुरटी होती. ऊन पाण्यात टॉवेल पिळून आधी गालावर ठेवायचा, खुंट मऊ होऊ द्यायचे, मग ब्रशनं गोल गोल फेस. एवढं मी इतकी वर्षं बघत आले होते. बघणं निराळं आणि करणं निराळं. चांगल्या बाजूचा गाल नीट झाला. उतरलेल्या गालाला मात्र सुरकुत्या, कातडं ढिलं, आणि ह्यांना गाल फुगवता येईना. मशीन त्या घडीवर अडलं आणि टचकन रक्त आलं. मी तुरटी दाबली. ह्यांनी डावा हात तोंडावरून फिरवला, पलटणीतला साहेब परेडला तपासायचा तसा, आणि निकाल दिला, "फेल."

"व्हय? फेल का? उद्या बघते."

उद्याही फेल. परवाही फेल. तोंडाच्या कोपऱ्यात आणि मिशीच्या कडेला मशीनचं डोकं शिरतच नव्हतं. ते रुंद, आणि माझं एक बोट गालाच्या आत, कातडं बाहेरून फुगवून धरायला. तिथं एकच गोष्ट शिरते. वस्तरा.

हे मी जावेजवळ बोलले आणि आग लागली. "आवं जाऊबाई, सवाशीण हाय नव्हं तुमी? बायकूनं नवऱ्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा? आन ते काम आपलं हाय का?" मी म्हटलं, "मग कुणाचं? त्यो सलूनवाला आजोबा-आजोबा करतोय, त्याचं?" ती गेली आणि दिरांना सांगून आली. दीर म्हणाले, "वैनी, डोस्कं फिरलंय तुमचं. कायतरी इपरीत झालं तर?" इपरीत व्हायचं ते होऊन गेलं होतं. माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता.

मग आला बस्त्याचा दिवस. सगळे सांगलीला कपडे घ्यायला. दोन्हीकडच्या बायका गादीवर बसल्यात, दुकानदार साड्यांवर साड्या उलगडतोय, मानाच्या कुणाला कुठली म्हणून गलका. मी म्हटलं, "जरा जाऊन येते." सगळ्यांना वाटलं बाथरूमला. मी गेले पेठेत कात्र्या-सुऱ्यांच्या दुकानात. "वस्तरा दाखवा." दुकानदारानं पातं बदलायचा काढला. मी म्हटलं, "तसला नको. अखंड पोलादाचा, धार लावायचा." तो म्हणाला, "ताई, त्यो आता कोण घेत नाय. मालकांचं सलून हाय का?" "न्हाई. मालकांची दाढी हाय." त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि मग वरच्या फळीवरचं धुळीचं खोकं उतरवलं. पदराखाली वस्तरा धरून मी परत गादीवर येऊन बसले, तर जाऊ विचारतीय, "तुमाला ही जांभळी आवडली का?" मी म्हटलं, "लय आवडली." कुठली जांभळी, मी बघितलीसुद्धा नव्हती.

धार मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माहेरी लोकर कातरायच्या कातरी मीच निसण्याच्या दगडावर लावायचे. वस्तऱ्याला बारीक दगड लागतो आणि शेवटी चामड्यावर पुढंमागं ओढायचं. न्हाव्याकडं त्यासाठी चामोटं असतं. आमच्याकडं फौजेतला कमरेचा पट्टा होता. मी तो खिडकीच्या गजाला अडकवला. ह्यांनी बघितलं आणि भुवया वर केल्या.

पहिला दुधी केला. दुध्याला साबण फासायचा आणि साल न खरवडता फेस उतरवायचा. पहिले दोन-तीन दुधी भाजीतच गेले. मग माझी पोटरी केली. पातं गालाला जवळजवळ टेकवून, किंचित उचलून धरायचं. उभं धरलं की कापतं. आणि डाव्या हातानं कातडं ताणायचं. हे ताणणं सगळ्यात मोठं, आणि तेच मला येत होतं. मेंढराच्या मानेखाली कातडं असंच ढिलं असतं, ताणलं नाही तर कातर चावते.

ह्यांच्यावर पहिल्यांदा चालवला तेव्हा पोरगी दारात उभी. "आई, भीती नाही वाटत का गं तुला?" म्हटलं, "वाटतीय. तू बोलू नगंस." खोटं कशाला सांगू? गळ्याची शीर उडताना दिसत होती. ह्यांनी मान वर केली, डोळे मिटले, आणि डावा हात माझ्या कोपरावर ठेवला, धरला नाही, नुसता ठेवला. मी सुलट मारली. पुन्हा फेस केला. मग गळ्याखालून वर, हळू, उलटी. खर्र खर्र असा आवाज आला, वाळक्या कडब्यावरनं नख ओढावं तसा. मिशीची कड टोकानं काढली. तुरटी लावली. गार पाणी मारलं.

ह्यांनी तपासणी केली. उजवीकडं, डावीकडं, हनुवटीखाली. आरसा मागितला. किती तरी वेळ बघत बसले.

"पास."

त्याच संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. रस्त्यानं जाणारा कोणी तरी म्हणाला, "आरं, तू तर बरा झालास की!" काही बरे झाले नव्हते. हात तसाच, बोलणं तसंच. दाढी झाली होती. मी आतून ओरडून सांगितलं, "कन्यादानाला हेच बसणार हायती. सांगा गावात." त्यानं सांगितलं असणार. दीर रात्री जेवायच्या वेळेलाच आले, पण मी ताटावरून उठलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "बघू तवाचं तवा."

लग्न इस्लामपूरच्या कार्यालयात. सकाळी मी खोलीचं दार लोटून दाढीला बसले. गळ्यावर उलटा हात चाललेला आणि जाऊ हळदीचं ताट घेऊन आत. "आगं बया बया बया!" ताटासकट ओरडली. मी वस्तरा उचलला नाही. म्हटलं, "आता एक शब्द बोललीस तर हात हलंल आन तुझ्या नावावर जाईल." ती तोंडावर हात धरून उभी राहिली, आणि मी पुरं करेपर्यंत हलली नाही.

आम्ही मांडवात पोचलो तर दीर फेटा बांधून पाटावर बसलेले. शेजारच्या पाटावर जाऊबाईंची जागा. "बघू तवाचं तवा" म्हणजे हे. मी म्हटलं, "भावजी, उठा." ते हळू आवाजात म्हणाले, "वैनी, चारचौघांत तमाशा नको. त्याला पाटावर तरी बसता येतंय का?" म्हटलं, "न्हाई येत. पाट काढा, खुर्च्या मांडा. पोरगी खुर्चीवर, जावई खुर्चीवर, आमी खुर्चीवर." सांगलीच्या मंडळींपैकी कुणी तरी खरंच खुर्च्या सरकवायला लागलं. दिरांचा चेहरा पडला, पण जागा सोडेनात. "आवं, वंजळ कशी धरणार त्यो? हात तरी उचलतोय का?"

गुरुजींचा मुहूर्त चालला होता. ते वैतागून म्हणाले, "कन्यादानाला कोण बसणार, ते एकानं सांगा."

सवयीनं सगळे दिरांकडं बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. ह्यांचा. काठीवर सगळा भार टाकून उभे होते, गाल चकचकीत, मिशीची कड सरळ, मान ताठ. एक एक अक्षर ओढून काढलं, पण अख्ख्या कार्यालयाला ऐकू गेलं.

"आमी."

'मी' म्हणाले असते तर निम्म्या कष्टात झालं असतं. अर्धं तोंड चालत नसलेल्या माणसानं 'आमी' म्हणायला किती जोर लावावा लागतो ते मला माहीत आहे, मी रोज त्या तोंडाशी असते. दीर उठले. मी ह्यांच्या उजव्या अंगाला बसले, विधीला बायको तिथंच बसते. लोंबणारा हात उचलून माझ्या डाव्या तळव्यावर घेतला, त्यांच्या डाव्या हाताला जोडला, आणि माझ्या उजव्या हातानं पाणी सोडलं. थोडं सांडलं. सांडू दे. माझ्या पोरीचं कन्यादान तिच्या बापानं केलं, आणि त्या ओंजळीतला एक हात माझा होता.