दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही

फ्रान्सकाका एखाद्या घरगुती खाणावळीची चौकशी करताना तिथे काय मिळतं ते कधी विचारत नसत. मालकीण कुठे जेवते, एवढंच विचारत. ती पाहुण्यांच्या टेबलाला बसत असेल तर तिथे मुक्काम करायचा. आत वेगळं जेवत असेल तर पुढचं गाव गाठायचं. दक्षिण फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत कुठे राहावं आणि कुठे जेवावं, याबाबत आम्हा इंग्लंड-वेल्समधल्या मराठी कुटुंबांत त्यांचा शब्द अखेरचा होता.

ते कार्डिफच्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ होते. दर उन्हाळ्यात काकूंना शेजारी बसवून, गाडी बोटीवर चढवून ते फ्रान्समध्ये उतरत आणि थेट दक्षिणेकडे निघत. ऐंशीच्या दशकात सुट्टीला जाण्यापूर्वी त्यांना फोन करणं ही आमच्यात रीतच पडली होती. मी लंडनच्या एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो, वॉटफर्डला राहत होतो. माझी त्यांची ओळखही अशाच एका फोनवर झाली.

"नदीकाठी राहू नका," ते म्हणाले. "पोस्टकार्डावर ज्या गावाचं चित्र असतं तिथे तर मुळीच नको. एक डोंगर ओलांडा. अक्रोडाची झाडं लागली की रस्त्याकडेला हातानं लिहिलेल्या पाट्या दिसतील. शेतकऱ्यांची घरं असतात, दोन-तीन खोल्या देतात. रात्री जेवणार, हे सकाळीच सांगायचं. संध्याकाळी उगवलात तर उपाशी झोपाल."

दुपारच्या जेवणाचा नियम वेगळा होता. भर दुपारी ज्या दारापुढे गवंड्यांच्या आणि प्लंबरांच्या व्हॅन उभ्या असतील तिथे शिरायचं. मेनू शोधायचा नाही, कारण तो नसतोच; बाई आणून ठेवील ते खायचं. माझी बायको शाकाहारी आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी बजावलं. "शाकाहारी म्हणू नका. आमलेट करतील आणि त्यात हॅम घातला नाही म्हणून उपकार केल्यासारखं बघतील. डॉक्टरांनी मांस-अंडी बंद केलीत म्हणून सांगा. आजाऱ्याला तिकडे मान आहे. आमच्या हिच्याबाबतीत मी तेच सांगतो. खोटं नाही ते. डॉक्टर मीच आहे."

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा नियम काकूंमुळे तयार झाला. पहिल्याच प्रवासात एका शेतघरात सगळे लांब टेबलाभोवती जेवायला बसले होते. मालकिणीने बटाटा आणि चीज घोटून केलेल्या पदार्थाचं भांडं फिरवलं. काकूंनी चवीपुरतं घेतलं. भांडं पुन्हा आलं तेव्हा त्यांनी ताटावर तळहात आडवा धरला आणि हसून नको म्हटलं. नगरच्या माहेरी आणि कार्डिफच्या स्वतःच्या घरीही त्यांना वाढण्याची एकच पद्धत माहीत होती. पाहुणा नको म्हणतो, वाढणारी आग्रह करते, मग पाहुणा हात काढतो. फ्रेंच मालकिणीने मान डोलावली आणि भांडं पुढे नेलं. काकू हात किंचित उचलून तशाच बसून राहिल्या. सकाळी काका गाडीपाशी गेले, तर काकू मागच्या सीटवर डब्यातला चिवडा खात होत्या.

"इकडे आग्रह नसतो," काका म्हणाले. "विचारलं की हो म्हणायचं. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही."

"पहिल्याच वेळी हो? अधाशासारखं?"

हा प्रसंग दोघं घरी आलेल्यांना करून दाखवत. काका भांडं फिरवणारी मालकीण होत. काकू काकूच राहत. त्या शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. नंतरच्या सगळ्या प्रवासांत भांडं त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत काकाच त्यांच्या वतीनं हो म्हणून टाकत. आम्ही फ्रान्समधल्या त्या शेतघरात उतरलो तेव्हा मालकिणीने आधी डॉक्टरांची चौकशी केली आणि मग ताटावर तळहात धरून दाखवला. त्या बाई कशा आहेत, असं तिला विचारायचं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजत सगळं होतं, पण शब्द एकच उरला, "हो." पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो, दुखलं तरी हो. काकू त्याचीही थट्टा करत. "लग्न झाल्यापासून माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं हो यांनी."

काकूंची साठी उलटली होती, गुडघे धरले होते. काकांना उठवणं, बाथरूमपर्यंत नेणं, आंघोळ घालणं त्या एकट्या करत. कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, एक बाई चौकशीला आली. त्या भेटीत काय झालं ते काकूंनी मला फोनवर सांगितलं. बाईने विचारलं, रोज सकाळी यांचं करायला कोणी पाठवू का? काकू म्हणाल्या, "नो, नो, वुई आर मॅनेजिंग." खुर्चीतून काका म्हणाले, "हो." बाईने वळून पाहिलं. काका पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. ते काय म्हणताहेत, असं बाईने विचारलं. "ही सेज यस टू एव्हरीथिंग," काकूंनी सांगितलं. बाईने चहा संपवला, आभार मानले आणि ती गेली.

"तुम्ही हो का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"अरे, परत विचारील असं वाटलं मला." मग म्हणाल्या, "मेधानंही एकदाच विचारलं. आई, मी येऊ का? मी नको म्हटलं. तर खरंच नाही आली."

मेधा त्यांची एकुलती एक मुलगी. कार्डिफमध्ये जन्मलेली, केंब्रिजला संशोधन करणारी. कौन्सिलला पुन्हा कळवा, असं मी काकूंना सुचवलं. "आता आपणहून मागायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्या मुलांची चौकशी सुरू केली.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी काकांना उठवताना काकू पलंगाशेजारी कोसळल्या. हृदयविकाराचा झटका होता. फोन खाली जिन्यापाशी होता. काका पलंगाच्या कडेला बसलेले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. शेजारणीला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू येत होता. नेहमीचंच हो-हो चाललंय, असं तिला वाटलं. दुपारी बेल वाजवूनही कोणी दार उघडेना, तेव्हा तिने पोलिसांना बोलावलं.

क्रेमॅटोरियमच्या बाहेर मेधा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "मी विचारली होती तिला," ती म्हणाली. "आई नको म्हणाली. आय बिलीव्ह्ड हर. नको करायचं होतं का बिलीव्ह?"

काकांना तिने केंब्रिजजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. काकू गेल्यावर त्यांचा तो एक शब्दही गेला. मी त्यांना शेवटचं भेटलो ते दुपारच्या जेवणाच्या वेळी. वाढणारी मुलगी ढकलगाडी घेऊन टेबलांमधून फिरत होती. वाढणाऱ्यांपैकी कोणी तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर जेवायला बसत नव्हतं. कस्टर्डचं भांडं घेऊन ती काकांपाशी आली.

"सम मोर, लव्ह?"

काकांनी डावा तळहात बशीवर आडवा धरला. काकू धरत तसाच, बोटं जुळवून. मुलगी मान डोलावून पुढे गेली. काकांनी हात किंचित उचलला आणि ते तिच्या पाठीकडे बघत राहिले.

मी तिला थांबवून भांडं मागून घेतलं.

"काका, थोडं घ्या."

हात पुन्हा बशीवर आला.

"अर्धाच डाव. एवढ्या लांबून आलोय मी."

त्यांनी हात काढला.