आबांचं उत्तर

वरवंडला आमच्या वस्तीत एक मुलगी टॅब घेऊन आली. देशातल्या लोकांच्या आवडत्या इमारती कोणत्या, याची पाहणी चालली होती. मी कुरकुंभच्या कंपनीतली पाळी संपवून नुकताच घरी आलो होतो. ओट्यावर माझे वडील बसले होते. सगळी वस्ती त्यांना आबाच म्हणते. तिनं पहिल्यांदा त्यांनाच विचारलं.

आबांनी तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. "कशापायी इचारताय?"

"सहज, आबा. लोकांना काय आवडतं ते बघायचंय."

"मग ताजमहाल लिवा."

आबांनी ताजमहाल कधी पाहिला नव्हता. त्यांचा सगळा जीव कोपऱ्यावरच्या बुद्धविहारात होता. त्याच्या भिंती त्यांनीच बांधल्या होत्या. मी तसं सांगणार, तोच त्यांनी माझा हात दाबला. पण आई दारातून बोलून गेली, "आमचं विहारच लई देखणं हाय की!" मुलीनं हौसेनं जाऊन विहाराचा फोटो काढला.

ती गेल्यावर आबा आईवर चिडले. "मागं असंच गोड बोलून फोटू काढले, आन् रस्ता रुंद करताना जुनं विहार पाडलं. इसरलीस व्हय?"

त्यानंतर रस्त्यावर कुणी टेप धरलेला दिसला, की आबा चपला घालून निघायचे. पण विहाराच्या मोजणीला कुणीच आलं नाही.

पुढं मोबाईलवर त्या पाहणीच्या निकालाची यादी आली. आमच्या विहाराचं नाव कुठंच नव्हतं. आई हिरमुसली. आबांनी मला ती यादी पुन्हा वाचायला लावली.

"नक्की न्हाई ना?"

"न्हाई, आबा."

मग कुठं त्यांनी चहा मागितला.