दोन्ही संघ संध्याकाळच्या रंगाचे

पहिल्याच डावात मी बायकोला तलावात ढकललं. तलाव कॉम्प्युटरवरच्या खेळातला होता, पण शेजारच्या खुर्चीतून बायकोनं टाकलेला कटाक्ष अगदी खरा होता.

"अहो, मी तुमच्याच संघात आहे!"

"मला कसं कळणार? सगळेच धुरकट दिसतायत!"

खोलीत हशा पिकला. हसली नाही ती फक्त मेहुणी. खेळ तिचा होता. म्हणजे प्रोग्रॅम लिहून पडद्यावरच्या माणसांना पळवायचं काम तिच्या भागीदाराचं आणि डोंगर, पाणी, माणसं रंगवायचं काम तिचं. लहानपणी वाढदिवसाचा नवाकोरा फ्रॉक "ह्याचा रंग ओरडतो" म्हणून दुकानदाराला परत देऊन आलेली ही मुलगी! तिनं दोन्ही संघांना करडे-निळे कपडे चढवले होते. त्यातला एक निळा गुलाबीकडे किंचित झुकलेला, एवढाच काय तो फरक. चित्र मात्र असं, की चौकट करून भिंतीवर लावावं.

हा खेळ चालला नाही, तर तिला जुन्या ऑफिसात साबणाच्या वेष्टनांवर फेस काढायला परत जावं लागणार होतं. म्हणून तर आम्हा नातेवाइकांना चाचणीला बसवलं होतं.

डाव संपला. पडद्यावर 'पुन्हा खेळा' असं बटण आलं. "वा, काय आकाश आहे!" म्हणत एकेक जण उठला. मीही उठलो, चहा कुठे मिळतोय ते बघायला. बटण कोणी दाबलंच नाही.

"मागच्या चाचणीतही हेच झालं," भागीदार हळूच म्हणाला. "संघ ओळखूच येत नाहीत, मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आणि मी म्हटलं, लोकांना नीट बघताच येत नाही. शी! काय बोलले मी."

तिनं चष्मा बाहीनं पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिथंच बसून तिनं एक संघ भडक नारिंगी केला आणि दुसरा जांभळा. चेहरा असा, जणू भर रस्त्यात कोणी तिचं कपाट उघडून दाखवतंय.

मला राहवेना. कपातला चहा सांभाळत, वडीलकीचा सूर लावून मी म्हणालो, "अगं, कशाला एवढं मनाला लावून घेतेस? मला तर आधीचाच खेळ आवडला होता."

पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "आवडला असता तर उठला नसतात, भावोजी."