बाईंनी काढलेला दुवा
नव्या तांदळाचा भात शिजायला लागला, की खानापुरातली बाईंची ओसरी आठवते. आमच्या शाळेच्या या निवृत्त बाई तालुक्यातल्या भाताच्या जुन्या वाणांवर ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहीत होत्या आणि मी टायपिंगला बसलो होतो. आत असाच भात शिजत होता. लेखाखाली बाहेरच्या पानांचे दुवे मी हौसेनं भरले होते. बाईंनी एकेक पान शेवटपर्यंत वाचलं. बियाणं विकणारं गेलं, रिसॉर्टचं गेलं. मग बाईंचा स्वतःचा ब्लॉग आला. शेतातनं हिंडून जमवलेली कितीतरी वाणांची माहिती त्यात होती. “हे बी काढ.” “बाई, सगळ्यात चांगलं हेच हाय की!” “आसंल रं, पण आपलंच आपण जोडायचं न्हाय.” उरलं एक कन्नड पान. बाईंच्या ब्लॉगमधल्या दोन नोंदी चुकल्यात, असं त्यात पुराव्यानिशी लिहिलं होतं. रागानं मी ते खोडायला गेलो, तर बाईंनी माझा हात धरला. “ऱ्हाऊ दे. त्यांचं बरोबर हाय.” परवा भाताचा वास आला तसं ते कन्नड पान पुन्हा उघडलं. तळाशी आता एक नवा दुवा होता, त्या लेखकानं जोडलेला. बाईंच्या ब्लॉगचा.