नव्वदीपुढच्या रकान्यातली बाई

तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बोटीतून उतरवलेला चोरटा माल पाहिला. त्यातलं बरंचसं आता फाइल उघडल्याशिवाय आठवत नाही. हे प्रकरण मात्र सगळंच्या सगळं आठवतं. त्यात रक्त सांडलं नव्हतं की कोणी फरार झालं नव्हतं.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याची प्रभारी होते. ठाणं लहान. सकाळची हजेरी झाली की एक माणूस जेट्टीवर, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांसाठी दोन, उरलेले समन्स वाटायला. चक्रीवादळाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण वाड्यांमध्ये नव्याने लावलेल्या सुपारीची रोपं अजून कमरेएवढीच होती.

एका सोमवारी उपकोषागारातली एक तरुण कर्मचारी भेटायला आली. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची आकडेवारी जिल्ह्याला पाठवणं हे तिचं काम. ऐंशीनंतर पेन्शन वयाच्या टप्प्यांवर वाढत जाते, त्यामुळे तक्ता वयोगटानुसार करावा लागतो. तिने जुना आणि नवा तक्ता माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवला. मधे साथ आली होती, वादळ आलं होतं. गावोगाव म्हाताऱ्यांचे आकडे खाली आले होते. एका गावात मात्र नव्वदीपुढच्या रकान्यात तीन नावं होती, ती तीनच्या तीन राहिली होती.

"तीन म्हातारी माणसं जगली, यात गुन्हा काय?" मी विचारलं.

"गुन्हा नसेलही मॅडम. आमचे साहेब म्हणाले, चहा घे आणि विसरून जा. मला विसरता येईना."

शेवटी साहेबांनी वैतागून अर्जावर सही केली होती. तो अर्ज तिने सोबतच आणला होता.

आकड्यावर गुन्हा दाखल होत नाही. मी अर्ज आवक करून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि प्राथमिक चौकशी स्वतःकडे ठेवली. ग्रामपंचायतीकडून मृत्यूनोंदवही मागवली. तिघांपैकी कोणाचंही नाव त्यात नव्हतं. तिघांतल्या एका बाईच्या घरात वादळाच्या महिन्यात एक मृत्यू होता, पण तो तिच्या नणंदेचा. वृद्धापकाळ, डॉक्टरचा दाखला जोडलेला. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी महिला हवालदाराला घेऊन गावात गेले. पहिलं घर वनखात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांचं. ते पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होते. येण्याचं कारण सांगितलं तर म्हणाले, "मेलो न्हाय ते बघाया पोलीस आलं व्हय? बघा, बघा. हात लावून बघा." हवालदाराने खरंच हात लावला, तेव्हा आम्हाला शहाळी मिळाली.

दुसरं घर वाडीच्या टोकाला. घरमालक पन्नाशीचा, मागच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधलेला. त्याचे वडील शाळेत गुरुजी होते. ते वारल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. मशीन तिचा अंगठा घेत नाही, म्हणून बँकेचा माणूस घरी येऊन हयातीचा कागदी दाखला करून जातो, असं त्याने मी न विचारता सांगितलं. कागदही न मागता आणले, सगळे प्लॅस्टिकमध्ये घातलेले. खऱ्या माणसाच्या घरी कागद शोधावे लागतात, हा माझा अनुभव. तेवढ्यावर कोणाला धरता मात्र येत नाही.

म्हातारी ओटीवर सुपारी सोलत होती. मी नाव विचारलं, तिने सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने गुरुजींचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं एका दमात सांगितलं. सून शेजारी उभी होती, तिने श्वास सोडला. सगळी उत्तरं बरोबर होती. मी टिपून घेतली आणि निघाले.

तिसरं घर बंदरावर खलाशी असलेल्या एकाच्या विधवेचं. ही आजी बोलकी. नाव सांगितलं, पोरंबाळं सांगितली, गुडघ्यांची तक्रार सांगितली. नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिने पदर तोंडाला लावला. हवालदाराने पुन्हा विचारलं तर तिच्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "तुझ्या कागदावर लिवलंय ना? मंग वाच की. माझ्या तोंडून कशापायी काढतेस?" शेवटी नातवाला हाक मारून तिने ते त्याच्याकडून वदवून घेतलं.

हवालदार हसली, मीही हसले. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे आम्हा दोघींना सांगायला नको होतं. माझी आजेसासू रेशनच्या दुकानात मागच्या माणसाला नाव सांगायला लावायची. नवरा जाऊन कितीही वर्षं झाली तरी जीभ वळत नाही.

जीपमध्ये बसताना माझं हसू थांबलं. गुरुजींच्या घरातली म्हातारी अडखळली नव्हती, लाजली नव्हती. गुरुजींचं नाव इतक्या सहज कोण घेईल? आई घेईल, बहीण घेईल. आई असणं वयाच्या हिशेबाने अशक्य. आणि बहिणीची नोंद मृत्यूच्या वहीत होती.

बँकेच्या माणसाने हेच उत्तर ऐकून दाखला दिला होता. त्याचं समाधान झालं, कारण उत्तर बरोबर होतं. पढवणारा मुलगाही पुरुषच. आईच्या तोंडून वडिलांचं नाव आपण कधी ऐकलं का, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

आता प्रश्न पेन्शनपुरता राहिला नव्हता. ही जर नणंद असेल, तर खरी बाई कुठे होती? मेली असेल तर कशाने? आमच्या धंद्यात आधी वाईट धरून चालायचं असतं.

सकाळी मुलाला ठाण्यात बोलावलं. आईबद्दल मी काहीच विचारलं नाही. आत्या कशी गेली, तेवढं विचारलं. त्याने ताप सांगितला, रस्त्यावर आडवी पडलेली झाडं सांगितली, बंद पडलेले फोन सांगितले. तिसऱ्या दिवशी ती गेली, असं म्हणताना त्याला रडू फुटलं. ते रडणं खरं होतं.

"आत्यासाठी इतकं?"

"सांभाळलं होतं तिनं," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. मी त्याला तसाच बसवून ठेवला आणि वाडीवर गेले.

सुनेला हवालदाराबरोबर आतल्या खोलीत पाठवलं. ओटीवर म्हातारी आणि मी. तिच्यासमोर बसून मी चार सुपाऱ्या सोलल्या. ती म्हणाली, "बाय, तुला जमत न्हाय."

"आजी, गुरुजी तुमचे कोण?"

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "दादा."

मग सगळं सांगितलं. नवऱ्याने तरुणपणीच टाकलेली, तेव्हापासून माहेरी. तिच्या नावावर काही नाही. निराधारांची पेन्शन मिळते असं ऐकून तिने भाच्याला कितीदा विनवलं. तो उद्या करू म्हणायचा. वादळात वहिनी गेली. त्याने मृत्यूची नोंद आत्याच्या नावाने केली आणि हिला म्हणाला, आते, आजपासून तू आई. न्हायतर तुला खायला कोण घालंल?

बोलून झाल्यावर तिने विचारलं, "आता माला कुठं ठेवशील?"

मी हातातली सुपारी खाली ठेवली आणि हवालदाराला हाक मारली.

खुनाचा संशय मला लगेच सोडता येत नव्हता. तिरडी उचलणारे चौघे शोधले, डॉक्टरचा जबाब घेतला. डॉक्टरने वादळानंतर मुलाच्या शब्दावर दाखला लिहिला होता. चौघांनी मात्र कोणाला उचललं हे लगेच सांगितलं. मग आजवर गप्प का? "आमाला कोनी इचारलाच न्हाय," एवढंच उत्तर. मृत्यू तापानेच झाला होता. कागदावर एक बाई गेली होती, एक उरली होती. बेरीज जुळत होती, म्हणून कुठल्याच कार्यालयाला काही खटकलं नाही.

मुलावर फसवणूक आणि खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा दाखल केला, अटक झाली. आत्यालाही तोतयेगिरीसाठी आरोपी करता आलं असतं. मी तिला साक्षीदार केलं. वरिष्ठांनी कारण लेखी मागितलं, मी लेखी दिलं. तिला ठाण्यात आणलं, रात्री हवालदाराच्या घरी झोपवलं आणि सकाळी तिचा जबाब घ्यायला बसलो, तर माझा लेखनिक म्हणाला, "मॅडम, नोंदीप्रमाणे या मयत आहेत. मयताचा जबाब कसा घ्यायचा?" त्याला मी पेन उचलायला सांगितलं.

जबाब चालू असतानाच सून पिशवी घेऊन आली. पिशवीत म्हातारीची दोन लुगडी. ही तिला इथेच सोडून जाणार, असं मी धरलं.

"जबाब झाला का?" सुनेने विचारलं. "झाला असंल तर नेते मी हिला."

"नवरा कोठडीत आहे हिच्यामुळे."

"त्याच्या करणीनं हाय तो कोठडीत. लुगडं बदलाया आणलंय, कालपासून एकाच लुगड्यावर हाय ती." मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "हिला निराधारची पेन्शन लागंल म्हनतात. खात्याला माझं नाव लावाल?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि म्हातारीला हाताला धरून उठवलं.

माझा विश्वास बसला नव्हता. पुढे कित्येक महिने मी हवालदाराला कारण नसताना त्या वाडीवरून फिरवत होते. म्हातारी ओटीवर असायची, ताटात जेवण असायचं. भाचा जामिनावर आला, तिच्याशी बोलेनासा झाला, पण त्याने तिला बाहेर काढलं नाही. हा बनाव पकडायला जितका वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ तिच्या मृत्यूची नोंद रद्द व्हायला लागला. मग पेन्शन मंजूर झाली. उपकोषागारातल्या त्या मुलीने तक्त्यातलं एक नाव कमी केलं, आणि तहसीलच्या निराधारांच्या यादीत एक नाव वाढलं.

सरकारी आकडा खोटा असतो असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आकडा दारात उभा राहून एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर जुळलं की पुढच्या घरी जातो. त्याला उत्तर देणारा माणूस खोटा असू शकतो, आणि तो खोटं का बोलतोय हे विचारायला आकडा थांबत नाही. पोलिसाने थांबावं.

नोकरीच्या उरलेल्या काळात मी कुठल्याही चौकशीला गेले की कागद बघण्याआधी विचारायची, या घरात दुपारी जेवायला माणसं किती? कागदावर तितकी नसली की मी बसून घ्यायची. कमी पडलेलं ते एक माणूस बहुतेक वेळा एखादी बाईच निघायची.