रवीचा उलटा भांग

सुनेत्रासारखी हट्टी बाई अमेरिकेतल्या आमच्या आख्ख्या रेडमंडमध्ये नाही, हे मैत्रीण म्हणून मी तिला तोंडावर सांगितलंय. सॉफ्टवेअरची चांगली नोकरी सोडून ती कॉलेजात तांब्याच्या पत्र्यावर चेहरे कोरायला शिकायला लागली. पाचशे वर्षांपूर्वी युरोपातली माणसं आपला चेहरा असा कोरून घेत, कागदावर छाप काढून लांबच्या मित्रांना पाठवत, हेही तिनंच आम्हाला सांगितलं.

तिच्या नवऱ्याला, रवींद्रला, ते फार भावलं. कॅन्सरनं तो थकला होता, नागपूरला जाणं आता शक्य नव्हतं. "मला कोर. नंदूला पाठवू," तो म्हणाला. नंदू त्याचा नागपूरचा, शाळेपासूनचा मित्र.

"फोटो पाठव की व्हॉट्सॲपवर," मी म्हटलं.

"फोटो तो स्क्रोल करून पुढे जाईल, यार. मी जिवंत आहे तोवर त्याच्या हॉलमध्ये बसायचंय मला."

सुनेत्रानं त्याला समोर बसवून कोरलं. छाप निघाला तर भांग भलत्याच बाजूला! पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं येतं, हे घाईत ती विसरलेली. रवी मात्र खूश. "आरशात मी असाच दिसतो. पाठवून दे."

"चुकलेलं कसं पाठवू? परत करते."

कोरणं म्हणजे काही पोळ्या लाटणं नव्हे. इथला पावसाळी हिवाळा सरला. रवी विचारायचा, "पोचलं का नंदूकडे?" ती म्हणायची, "होतंय." मला तिचा संताप यायचा. नवा पत्रा अर्धा झाला होता, तेव्हा रवी गेला.

मग तिनं तो पहिला, उलट्या भांगाचाच छाप पाठवला.

नंदूचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. त्यानं फोन भिंतीकडे वळवला. सुंदर फ्रेम, खाली उदबत्ती, आणि रवीच्या चेहऱ्यावरून चंदनाचा हार. मला नंदूचा राग येईना. आपल्यातलं कुणीही हेच केलं असतं.

सुनेत्रा म्हणाली, "भावजी, तो हार काढा."

"अहो वहिनी, पण..."

"रवीनं जिवंतपणी पाठवायला सांगितलं होतं. उशीर माझ्यामुळे झाला."

नंदूनं हार काढला, उदबत्ती विझवली आणि खुर्ची ओढून रवीसमोर बसला. इकडे सुनेत्रा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली.