कावळ्याच्या जागी भावजी

स्वतःला सुधारायचा एवढा ध्यास घेतलेला आणि त्यातलं एकही काम तडीस न नेलेला माणूस अख्ख्या मुंबईत माझ्या मावसदिराशिवाय दुसरा सापडायचा नाही. उभी हयात विक्रोळीच्या कारखान्यात गेली, पण दर वर्षी नवीन खूळ. पेटी शिकायला गेले, चार सूर आले आणि पेटी माळ्यावर गेली. पोहायला गेले ते तलावाची शिडी तेवढी उतरायला शिकून आले. रागावर ताबा हवा म्हणून मौन धरलं, ते दुसऱ्याच दिवशी भाजीवाल्याशी भांडून सोडलं. माझी जाऊ म्हणायची, "ह्यांनी पुरी केली ती एकच गोष्ट, सप्तपदी. ती पण मागसून मी ढकलित होतंय म्हणान!"

ती गेली, आणि साठीचे भावजी त्यांच्या मंडळातर्फे धर्मप्रचाराला परदेशी निघाले. आफ्रिकेकडचं कुठलंसं बेट, तिथे चार पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेली मराठी माणसं. दोन वर्षांचं व्रत. पहाटे चारला उठायचं, घरोघर पोथी वाचायची, पोरांना श्लोक शिकवायचे, आणि मासळीला शिवायचं नाही. व्रत मोडलं तर मंडळाच्या महिन्याच्या सभेत, तिथूनच पडद्यावर येऊन, सगळ्यांसमोर सांगायचं, मग प्रमुख परत बोलावणार. मालवणी माणूस आणि बिनमासळीची दोन वर्षं! मी इकडे बोरीवलीत बसून त्यांना फार तर दोन महिने दिले होते.

पण काय सांगू, ह्या वेळी गडी टिकला. रोज सकाळी माझा फोन वाजायचा. "वैनी, आज राग नाय इलो. इलेलो, पण जिन्यावरच थांबवलंय." चपात्या शिकले, त्या फोनवर दाखवायचे, एकेक चपाती म्हणजे त्या बेटाचा नकाशा. वहीत रोज आपला एक दोष लिहायचे. एके दिवशी लिहिलं, 'गुळाचा खडा चोरून खाल्ला.' गूळ त्यांचाच होता! असे बावीस महिने झाले. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले.

तेविसाव्या महिन्यातल्या सभेच्या आदल्या दिवशी फोन आला. आवाज अगदी खाली. "वैनी, मी मासो खाल्लंय."

तिथल्या एका म्हातारीने नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला कावळ्यासाठी पान ठेवलं होतं, त्याच्या आवडीचं म्हणून माशाचं कालवण घालून. कावळा शिवल्याशिवाय ती अन्नाला शिवेना. आणि त्या बेटावर कावळे औषधालाही नाहीत म्हणे. भावजी गच्चीत उभे राहून काव काव ओरडले, घसा बसेपर्यंत. दुपारचे चार वाजले. साखरेचं दुखणं असलेली ती म्हातारी, हातपाय थरथरायला लागले. "रुसले माझ्यावर," म्हणाली, "शेवटचं पाणी पाजायला मी जवळ नव्हते ना." मग हा गृहस्थ पानासमोर उकिडवा बसला, डोळे मिटले आणि काटे तेवढे सोडून सगळं पान संपवलं! अहो, दर्भाचा कावळा करून शिववतात, हे भटजींना माहीत, ह्या प्रचारकाला कुठून असणार? मेलेल्या माणसाचं पान जिवंत माणूस खातो का कधी!

"मगे ती जेवली, वैनी. दोन घास," एवढंच म्हणाले.

"गप्प बसा आता," मी म्हटलं. "दोन महिने राहिलेत. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं होतंय तुमचं. कोण बघायला आलं होतं तिथे?"

"वहीत लिवलंय."

"मग वही बुडवा. बेटावर राहता ना!"

दुसऱ्या दिवशी दोन बसगाड्या बदलून मी विक्रोळीला मंडळाचा हॉल गाठला. समोर मोठा पडदा, त्यावर भावजींचा चेहरा. प्रमुखांनी विचारलं, "भाऊ, या महिन्यात काही दोष?" भावजींनी तोंड उघडलं आणि चित्र तिथेच अडकलं, तोंड उघडंच. सगळे बघताहेत. मी पदर मुठीत घट्ट धरला. देवा, नेटवर्क येऊच देऊ नकोस आता. आलंच मेलं.

"...मासो खाल्लंय," आवाज आला. मग त्यांनी सगळं सांगितलं, काव काव ओरडण्यासकट. आणि वर म्हणाले, "परत तसो प्रसंग इलो तर परत खाईन."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "शी, मेलेल्याचं पान!" प्रमुखांनी चष्मा काढला, किती तरी वेळ पुसत राहिले.

"आजी बऱ्या आहेत ना?"

"होय."

"मग बरं झालं. पण नियम तो नियम, भाऊ. परत या."

भावजी बॅग घेऊन सरळ आमच्याकडे आले. मंडळावरचा राग मी सुरमईवर काढला, अशी झकास तळली! त्यांनी ताट हलकेच मागे सारलं. "दोन म्हयने रवलेत, वैनी."

आणि ते दोन महिने त्यांनी आमच्या घरात काढले. पहाटे चारला उठणं, बिल्डिंगमधल्या पोरांना श्लोक, रोज वहीत एक दोष. मंडळाला पत्ता नाही, बघणारी मी एकटी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "झाली दोन वर्सां."

"शाबास!" मी म्हटलं.

हसले. मग वहीवर हात ठेवला. त्यांनी विचारलं, "वैनी, आता उद्या काय करू?"

कॅलेंडरवर खुणा मीच करत होते. वाटलं, एखादी खूण करायची विसरले असते तर बरं झालं असतं, एक दिवस तरी उरला असता.